मुलांचं पहिलं बँक खातं: डेबिट कार्डाआधी विचारायचे तीन प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे बघा’, ‘तर’ थोडे छाटले आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी बँक खातं आणि डेबिट कार्ड कसं निवडायचं हा. या विषयावर माहिती शोधायला गेलं की बहुतेक वेळा एकच चित्र समोर येतं. आईवडील मोबाईलवरून पॉकेटमनी टाकतात, मुलगा मॉलमध्ये रंगीत कार्ड दाखवतो, आणि कुठल्या कार्डावर किती कॅशबॅक मिळतो याचा तक्ता असतो. हे चित्र खोटं नाही. पण महाराष्ट्रातल्या फार मोठ्या भागात मुलाच्या खात्याचा उपयोग याच्या अगदी उलटा असतो.

म्हणून आज आपण हा विषय पालघर जिल्ह्यातल्या रानशेतमध्ये बसून बघणार आहोत. रानशेत डहाणू तालुक्यात येतं. डहाणू आणि शेजारचं तलासरी हे आदिवासीबहुल तालुके. आश्रमशाळा आहेत, चिकूच्या वाड्या आहेत, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर, बोटीवर किंवा गुजरातच्या कारखान्यांत कामाला जाणारी घरं आहेत. इथे दहावीतल्या मुलीच्या खात्यात पैसे बाबा टाकत नाहीत, सरकार टाकतं. शिष्यवृत्ती येते, शालेय साहित्याचे पैसे येतात, पुढे वसतिगृहाचा किंवा भोजनाचा भत्ता येतो. म्हणजे खातं चुकलं, तर थांबतात ते शिक्षणाचे पैसे.

आजच्या भागाचं सार आधीच सांगून टाकतो. कार्ड सगळ्यात शेवटी निवडायचं. त्याआधी तीन प्रश्न विचारायचे. पैसे कुठून येणार? सही कोणाची चालणार? आणि पैसे काढायचे कुठे? या तिघांची उत्तरं मिळाली की कुठलं कार्ड घ्यायचं, किंवा आत्ता घ्यायचं की नाही, हे आपोआप कळतं.

उदाहरणासाठी एक मुलगी डोळ्यासमोर ठेवूया. वय पंधरा, आश्रमशाळेत दहावीला. आईबाबा कार्तिकानंतर भट्टीवर जातात, घरी आजी असते. घरात एक साधा मोबाईल आणि एक स्मार्टफोन, आणि स्मार्टफोन बाबांबरोबर जातो.

पहिला प्रश्न: पैसे कुठून येणार?

सरकारी पैसे आता बहुतेक थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने येतात. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या मुलांना वह्या, कपडे, साबण-तेल अशा बऱ्याच वस्तू देण्याऐवजी त्यांचे पैसे खात्यात द्यायला २०१६ पासून सुरुवात केली. आठवीत एनएमएमएस परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, तेही खात्यातच. दहावीनंतरची शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून येते. बारावीनंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तिचेही पैसे खात्यात.

आता इथे एक गोम आहे. आपण फॉर्मवर खाते क्रमांक लिहितो आणि समजतो की पैसे त्याच खात्यात पडणार. आधारवर आधारित डीबीटीत तसं होत नाही. पैसे आधार क्रमांकावरून निघतात. त्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे याची नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते. ती नोंद ज्या बँकेची, तिथे पैसे जातात. याला बँकेत ‘आधार सीडिंग’ म्हणतात.

दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. ओळखपत्र म्हणून आधार देणं वेगळं आणि सरकारी लाभ या खात्यात यावा म्हणून संमती देणं वेगळं. त्याचा वेगळा फॉर्म असतो, तो मागून भरायचा. दोन, एका आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं. मागाहून दुसऱ्या बँकेत संमती दिली की पहिली नोंद जाते. म्हणजे शाळेत शिबिर लागलं म्हणून एक खातं उघडलं, पुढच्या वर्षी गावात कुणी आलं म्हणून दुसरं उघडलं, आणि दोन्हीकडे अंगठा दिला, तर पैसे दुसऱ्या खात्यात जातात आणि आपण पहिल्याचं पासबुक भरत बसतो.

२०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेच्या वेळी काय झालं ते आठवा. सीडिंगसाठी बँकांसमोर रांगा होत्या, आणि कित्येक बायकांचे पैसे कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्यात गेले. मुलांच्या बाबतीत हेच होतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

तपासायचं कसं? साध्या मोबाईलवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकला की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघता येतं, पण तिथे ओटीपी लागतो, म्हणजे आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. दोन्ही जमलं नाही तर बँकेत किंवा ग्राहक सेवा केंद्रावर विचारा.

म्हणून नवीन खातं उघडण्याआधी घरात शोधा, मुलीच्या नावाचं आधीच एखादं खातं आहे का? जुनी पासबुकं काढा. देना बँकेचं पासबुक सापडलं तर घाबरू नका, ती बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. खातं तिथे सापडेल, आयएफएससी मात्र आताचा विचारून घ्या. असलेलं खातं ठीक करता आलं, तर नवीन उघडण्यापेक्षा ते बरं.

दुसरा प्रश्न: सही कोणाची?

अठरा वर्षांखालच्या मुलाचं खातं दोन पद्धतींनी चालतं. एकात पालक सही करतो, दुसऱ्यात मूल स्वतः.

खूप जणांना वाटतं की अठरा होईपर्यंत पालकाशिवाय चालतच नाही. तसं नाही. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला याबद्दलचे नियम एकत्र करून परिपत्रक काढलं आणि बँकांना १ जुलै २०२५ पर्यंत आपली धोरणं त्याप्रमाणे करायला सांगितलं. त्यात स्पष्ट आहे की १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला हवं असेल तर तो बचत खातं आणि मुदत ठेव स्वतः उघडू शकतो आणि स्वतः चालवू शकतो. किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक बँक ठरवते. एटीएम कार्ड, चेकबुक, इंटरनेट बँकिंग द्यायचं का, हेही बँकेवर सोडलंय. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. मुलाच्या खात्यात कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट नाही, शिल्लक शून्याच्या खाली जाता कामा नये.

पालक म्हणून आईचं नावही लावता येतं. ‘वडिलांनाच घेऊन या’ असं कोणी म्हणालं तर त्याच परिपत्रकात आईचा उल्लेख आहे हे नम्रपणे सांगा.

स्टेट बँकेत या दोन पद्धतींना दोन नावंच आहेत. ‘पहला कदम’ हे पालकाबरोबरचं संयुक्त खातं, कुठल्याही वयाच्या मुलासाठी. ‘पहली उड़ान’ हे १० वर्षांवरच्या, एकसारखी सही करता येणाऱ्या मुलाचं एकट्याचं खातं. इतर बँकांत नावं वेगळी, पण विचारायचा प्रश्न एकच: ‘हे खातं मूल स्वतः चालवणार की पालक?’

आता आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे येऊ. आईबाबा भट्टीवर. शिष्यवृत्ती जमा झाली जानेवारीत. खातं पालकाच्या सहीचं असेल तर पैसे काढायला बाबांना एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं सोडून यावं लागेल, नाहीतर पैसे होळीपर्यंत तसेच पडून राहतील. तिच्यासाठी स्वतःच्या सहीचं खातं बरं. उलट अकरा वर्षांचा धाकटा भाऊ असेल, आई वर्षभर घरीच असेल, तर आईबरोबरचं खातं सोपं पडतं. सगळ्यांना एकच उत्तर नाही. ज्याची सही, तो माणूस वर्षभर जवळ असतो का, एवढंच बघायचं.

सहीचं म्हणाल तर सराव करून जा. फॉर्मवर एक आणि पैसे काढण्याच्या स्लिपवर दुसरी सही झाली की काउंटरवरून परत पाठवतात. मराठीत सही केली तरी चालते, ती दरवेळी सारखी यायला हवी.

या भागात सहीला एक जुना अर्थही आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी जमीनदाराकडे राबत राहणारी ‘लग्नगडी’ची पद्धत इथली. हिशेबाची वही सावकाराकडे, आणि त्यात काय लिहिलंय ते कर्ज घेणाऱ्याला वाचता येत नसे. वेठबिगारीविरुद्ध १९४५ चा वारल्यांचा उठाव याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यातला. त्या वहीच्या जागी आज मुलीच्या नावाचं पासबुक आहे, आणि ते ती स्वतः वाचू शकते. म्हणून तिचं खातं तिनेच समजून चालवावं, हा आग्रह आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

तिसरा प्रश्न: पैसे काढायचे कुठे?

पैसे काढण्याच्या चार जागा असतात: शाखा, एटीएम, ग्राहक सेवा केंद्र आणि पोस्ट. गावातून शाखेकडे जायचं म्हणजे डहाणू, नाहीतर कासा बाजूला. पाचशे रुपये काढायला शंभर रुपये भाडं आणि शाळेचा एक दिवस गेला, तर त्या खात्याचा फायदा काय?

म्हणून बँक निवडताना तिची जाहिरात बघू नका, तिची सगळ्यात जवळची खिडकी बघा. वाटेवर कोणत्या बँकेचं एटीएम आहे आणि त्यात पैसे असतात का? गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या केंद्रावर आधारच्या अंगठ्याने पैसे मिळतात का? मुलगी शिकते कुठे, आश्रमशाळेत की डहाणूच्या कॉलेजात? खातं घराजवळ हवं की शाळेजवळ, याचा विचार करा.

अंगठ्याने पैसे काढण्याच्या सोयीबद्दल दोन सूचना. पहिली, अल्पवयीन मुलाच्या खात्याला ही सोय प्रत्येक बँक देतेच असं नाही, खातं उघडताना विचारा. दुसरी जास्त महत्त्वाची. आधारवरचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी नव्याने द्यावी लागते, ती सक्तीची आहे. पाच-सहाव्या वर्षी दिलेले ठसे पंधराव्या वर्षी जुळत नाहीत, मशीन ‘नापास’ दाखवतं, आणि मुलीला वाटतं पैसेच आले नाहीत. दहावीत असतानाच आधार केंद्रावर जाऊन हे काम करून घ्या. त्याच फेरीत चालू मोबाईल नंबरही आधारला जोडून घ्या.

केंद्रावर पैसे काढले की पावती घ्या, आणि पावतीवरची रक्कम आणि हातातली रक्कम जुळवून बघा. ‘अंगठा लागला नाही, पुन्हा लाव’ असं दोनदा झालं तर पासबुक भरून खात्री करा.

पोस्टाचा पर्यायही बघण्यासारखा आहे. पोस्टाचं बचत खातं १० वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने उघडू शकतं, किमान ५०० रुपये ठेवावे लागतात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही वेगळी, २०१८ ला सुरू झालेली. तिचंही बचत खातं १० वर्षांवरच्यांना मिळतं, पोस्टमन दारात येऊन व्यवहार करू शकतो, पण खात्यात दिवसअखेर २ लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. कार्डावर फार अवलंबून राहणार असाल तर या दोन्ही ठिकाणी अल्पवयीन मुलाला कार्ड मिळतं का, ते आधी विचारा.

खात्याचा कोणता प्रकार?

तीन प्रश्न झाले. आता खात्याचे प्रकार.

सर्वात उपयोगी म्हणजे शून्य शिल्लक खातं, बँकेच्या भाषेत ‘बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट’. किमान शिल्लक नाही, डेबिट कार्डाला वार्षिक शुल्क नाही, आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. चारपेक्षा जास्त द्यायचे की नाही हे बँक ठरवते. हे खातं देताना वयाची किंवा उत्पन्नाची अट लावू नये असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. एक बंधन आहे: त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

दुसरा प्रकार ‘छोटं खातं’. पुरेशी कागदपत्रं नसताना उघडलेलं. यात शिल्लक ५०,००० पर्यंत, वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, आणि महिन्याला फक्त १०,००० रुपये काढता येतात. सरकारी अनुदान जमा व्हायला शिल्लकेची मर्यादा आडवी येत नाही, पण काढताना १०,००० ची मर्यादा आडवी येते. कॉलेजची फी एकदम भरायची असेल तर अडचण होते. मुलीचं खातं या प्रकारचं असेल तर पूर्ण केवायसी करून ते साध्या खात्यात बदलून घ्या.

तिसरा प्रकार, खाजगी बँकांची मुलांची खास खाती. कार्ड देखणं असतं, ॲप चांगलं असतं. पण बऱ्याच ठिकाणी सरासरी शिल्लक ठेवायची अट असते, नाहीतर पालकाचंही खातं त्याच बँकेत लागतं. ज्या घरात महिन्याला पगार येतो त्यांनी जरूर बघावं. हंगामावर चालणाऱ्या घराने अट वाचल्याशिवाय सही करू नये.

चौथा, मुलांसाठीची ॲपवाली प्रीपेड कार्डं. हे दिसायला डेबिट कार्डासारखं, पण त्यामागे बँक खातं नसतं, पाकीट असतं. आधी पैसे भरायचे, मग खर्च करायचे. त्यावर व्याज नाही आणि त्याला आधार सीडिंग होत नाही. म्हणजे शिष्यवृत्ती त्यात येणार नाही. खर्चाची सवय लावायला ठीक, खात्याची जागा ते घेऊ शकत नाही.

आणि पतपेढी? गावाजवळची पतपेढी ओळखीची असते, बचतीची सवय तिथे लागते. पण बँकेतल्या ठेवींना जो ५ लाखांपर्यंतचा विमा आहे, तो सहकारी बँकांना मिळतो, पतसंस्थांना नाही. शिष्यवृत्तीसाठी बँकच हवी.

कागदपत्रं काय लागतात? मुलीचं आधार, जन्मतारखेचा पुरावा, दोन-तीन फोटो, पालकाचं आधार. पॅन नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म बँकेतच मिळतो. शाळेचा बोनाफाईड सोबत ठेवा. जाण्याआधी दाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर जुळतात का बघा. एका वेलांटीवरून पुढे महाडीबीटीचा अर्ज अडकतो.

आता कार्ड

इथपर्यंत आलो की कार्डाचा निर्णय सोपा होतो.

मुलगी आश्रमशाळेत राहते, वर्षातून दोन-तीनदा पैसे काढते, तर कार्डाची घाई नाही. पासबुक आणि सही पुरेशी. पण अकरावीला डहाणू, पालघर, नाशिक असं कुठे वसतिगृहात जाणार असेल, तर जाण्याच्या महिनाभर आधी कार्ड हातात हवं. प्रवासात रोख बाळगण्यापेक्षा ते सुरक्षित. साधं रुपे कार्ड घ्या, शुल्क विचारून घ्या. ‘प्लॅटिनम’ वगैरे नावाला वार्षिक शुल्क चिकटलेलं असतं, आणि ते शिष्यवृत्तीतूनच कापलं जातं.

मर्यादा कमी असलेलं कार्ड मुलांसाठी चांगलं. स्टेट बँकेच्या वरच्या दोन्ही खात्यांच्या कार्डांवर दिवसाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. फी भरायची असेल तेव्हा शाखेतून भरा, रोजच्यासाठी एवढं पुष्कळ आहे. नवीन कार्ड नियमाप्रमाणे फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि नुसतं टेकवून पैसे देणं या सोयी आपण सुरू केल्या तरच सुरू होतात. टेकवून ५,००० पर्यंत पिन न विचारता पैसे जाऊ शकतात, म्हणून मुलांच्या कार्डावर ही सोय बंदच राहू द्या.

दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर साध्या बचत खात्याला महानगरांबाहेर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, पुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत लागू शकतात. शिल्लक बघणं हाही एक व्यवहारच मोजतात. ‘जमा झाले का’ म्हणून रोज एटीएमवर बघायला जाऊ नका.

आता मोबाईल नंबरचं. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही. म्हणजे खात्याला जो नंबर लागणार तो घरातल्या मोठ्या माणसाचा. पिन बनवायचा ओटीपी, पैसे जमा झाल्याचा मेसेज, सगळं त्या नंबरवर. तो फोन वीटभट्टीवर गेला की मुलीला काहीच कळत नाही. म्हणून नंबर देताना विचार करा की कोणाचा फोन वर्षभर जवळ आणि चालू राहतो? आजीचा साधा फोन बाबांच्या स्मार्टफोनपेक्षा इथे जास्त कामाचा. मेसेज वाचायला स्मार्टफोन लागत नाही.

पिनचं एकच सांगणं. पिन मुलीचा, म्हणजे फक्त मुलीचा. कार्डाच्या पाकिटावर लिहायचा नाही, मैत्रिणीला सांगायचा नाही, केंद्रचालकाला नाही, मास्तरांना नाही. कार्ड हरवलं तर आधी बँकेच्या नंबरवर फोन करून बंद करायचं, मग शोधायचं. आपली चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात आहे. पण पिन आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

यूपीआयबद्दल विचारणा खूप होते. स्मार्टफोन असलेल्या घरात ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय वापरता येते. पैसे पालकाच्याच खात्यातून जातात आणि दुसऱ्या माणसाला ठरावीक मर्यादेत खर्च करू देता येतो, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० पर्यंत. नाहीतर प्रत्येक वेळी पालकाने मंजुरी द्यायची, असंही ठेवता येतं. पण त्यात शिष्यवृत्तीच्या खात्याचा संबंध येत नाही. दोन्ही वेगळं ठेवा.

‘तुझं खातं दे, दोन हजार देतो’

हे कान देऊन ऐका, आणि मुलांनाही ऐकवा. सोळा-सतराच्या पोरांना हल्ली असे लोक भेटतात. ‘तुझं खातं चार दिवस वापरायला दे, कार्ड आणि पिन दे, दोन हजार रुपये देतो.’ कधी नोकरीच्या नावाने, कधी गेमच्या नावाने. ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरवायला अशी खाती लागतात. ज्याची फसवणूक झाली तो तक्रार करतो, माग काढत पोलीस पहिल्यांदा पोचतात ते या पोराच्या नावावर. खातं गोठवलं जातं. त्यातच शिष्यवृत्ती अडकते, वर चौकशी मागे लागते.

मुलांना एवढंच शिकवा: खातं उसनं द्यायचं नसतं. ओळखीच्या माणसालासुद्धा नाही. अनोळखी पैसे खात्यात आले तर ते कुणी सांगेल तिथे पाठवायचे नाहीत, बँकेत जाऊन सांगायचं. आणि फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

अठरावा वाढदिवस

शेवटची गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की अल्पवयीन खातं आहे तसं चालू राहत नाही. बँकेला नवी सही, नव्या सूचना आणि नव्याने केवायसी लागते. पालकाच्या सहीचं खातं असेल तर पालकाचा अधिकार तिथे संपतो. हे केलं नाही तर व्यवहार अडू शकतात. आणि हे वय नेमकं बारावीच्या आसपास येतं, जेव्हा प्रवेश, महाडीबीटी, स्वयम् हे सगळं एकदम डोक्यावर असतं. वाढदिवस झाला की त्याच महिन्यात आधार आणि फोटो घेऊन शाखेत जा. त्याच दिवशी मुलीच्या नावाने सिम घेता येतं, तोही नंबर खात्याला लावून घ्या.

मध्ये दोन वर्षं व्यवहार झाला नाही म्हणून खातं ‘निष्क्रिय’ झालं असं कोणी सांगितलं तर हेही माहीत असू द्या: शिष्यवृत्ती आणि सरकारी लाभासाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती दोन वर्षं वापरली नाहीत तरी निष्क्रिय ठरवायची नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. इतर खातं निष्क्रिय झालंच, तरी ते पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही.

थोडक्यात

आपल्या रानशेतच्या मुलीसाठी क्रम असा. आधी आधारवर बोटांचे ठसे आणि मोबाईल नंबर नवा करायचा. मग जुनं खातं आहे का आणि सीडिंग कुठे आहे ते बघायचं. वाटेवर जिची खिडकी आहे अशा बँकेत तिच्या स्वतःच्या सहीचं शून्य शिल्लक खातं, नसेल तर उघडायचं, असेल तर दुरुस्त करायचं. सीडिंगचा फॉर्म त्याच दिवशी भरायचा, पोच घ्यायची. आठवड्याने तपासायचं. आणि शंभर रुपये भरून, पुढच्या फेरीत त्यातले पन्नास तिच्या हाताने काढून बघायचे. हे पन्नास रुपये निघाले की खातं खरंच चालतं हे कळतं. शिष्यवृत्तीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

कार्ड मग अकरावीला जाताना.

या भागातली माहिती शाळेतल्या मास्तरांना, अंगणवाडी ताईंना, ग्राहक सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाला ऐकवलीत तर त्यांच्यामार्फत ती बऱ्याच घरांत जाईल. आणि घरात दहावीचं कोणी असेल, तर आज रात्री पासबुक काढून पहिल्या पानावर एवढं बघा: खातं कोणाच्या नावाचं आहे, आणि सही कोणाची चालते.